सोलापूरची युवा परिषद : नेतृत्व आणि सेवा शिकू पाहणाऱ्यांचे व त्यांच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारीच्या १० ते १२ तारखांना सोलापुरात होणाऱ्या आमच्या युवा परिषदेविषयी विद्यार्थी, नोकरी करणारे तरुण आणि विशेषतः पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही प्रश्नांना चार ओळींत उत्तर देता येते, तर काहींना थोडे सविस्तर बोलावे लागते.

ही परिषद आहे की शिबिर?

नाव परिषदेचे असले, तरी बाज शिबिराचा आहे. व्यासपीठावर पाहुणे आणि समोर खुर्च्यांवर श्रोते ही मांडणी तीन दिवसांत एकदाच, उद्‌घाटनाच्या वेळी दिसते आणि तीही पाऊण तासात संपते. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ आम्ही पूर्णपणे वगळले आहेत, कारण सत्काराची यादी वाचण्यात जाणारा वेळ मुलांचा असतो. त्यानंतरचे सर्व काम बारा ते पंधरा जणांच्या गटांत चालते. वाढप, भांडी, सभागृहाची झाडलोट, दिवसाचा जमाखर्च आणि सभेचे इतिवृत्त ही कामे गटांकडे पाळीपाळीने येतात.

त्यासाठी १२ जानेवारीच का निवडला?

स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि १९८५ पासून तो दिवस देशभर राष्ट्रीय युवा दिन म्हणून पाळला जातो, हे बहुतेकांना ठाऊक असते. राजमाता जिजाऊंची जयंतीही त्याच दिवशी असते. सोलापूरकरांसाठी मात्र या तारखेला आणखी एक अर्थ आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटून उठले, गोळीबार झाला आणि १२ मेपासून जूनअखेरपर्यंत येथे लष्करी कायदा लागू राहिला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. शहरातील चार पुतळ्यांजवळून रोज जाणाऱ्या किती तरुणांना ही चारही नावे सलग सांगता येतात, हे आम्ही पहिल्या संध्याकाळी विचारतो आणि उत्तर फारसे सुखावह नसते. नुसती नावे वाचली, तरी कापड गिरण्यांच्या या गावात चार वेगवेगळ्या घरांतली माणसे एका कामासाठी कशी एकत्र आली असतील, हा प्रश्न मनात येतो, आणि परिषदेची पहिली चर्चा त्याच प्रश्नापासून सुरू होते.

तीन दिवसांत नेतृत्व शिकता येते का?

येत नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्यांपासून जपून राहावे. तीन दिवसांत काही सवयींची ओळख होते आणि आपल्याला काय जमत नाही ते कळते. सभा वेळेवर सुरू करून वेळेवर संपवणे, न बोलणाऱ्याला बोलते करणे, सतत बोलणाऱ्याला न दुखावता थांबवणे, ठरलेले लिहून ठेवणे, पैशाचा हिशेब दुसऱ्याला तपासायला देणे आणि काम बिघडल्यास सर्वांसमोर ‘ही माझी चूक’ असे म्हणणे, या गोष्टी आमच्या लेखी नेतृत्वाचा गाभा आहेत. भाषणकला त्यानंतर येते.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात दरवर्षी पायी चालत येते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरस तालुक्यात धर्मपुरी येथे सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि पुढे पंढरपूरपर्यंत हजारो माणसे दिंड्यांच्या क्रमाने चालतात. मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदार हातातला चोप उंच धरतात आणि एवढा मोठा समुदाय शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार त्या दिंडीकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा होतो आणि मग टाळ थांबतात. ज्याला सांगायचे आहे त्याला आरडाओरडा करावा लागत नाही, आणि ज्याने ऐकायचे आहे त्याला न ऐकता पुढे जाता येत नाही. लाउडस्पीकर येण्याच्या कितीतरी आधीपासून वारकऱ्यांनी ही रीत सांभाळली आहे. आमच्या रोजच्या आढावा सभेत प्रत्येक गटाजवळ टाळांची एक जोडी ठेवलेली असते, ती याच कारणाने. पहिल्या दिवशी मुले गंमत म्हणून टाळ वाजवतात, दुसऱ्या दिवशी खरी तक्रार पुढे येते, आणि ती बहुधा ‘आमच्या गटात दोघेच काम करतात’ अशी असते.

कोण सहभागी होऊ शकते? गुणांची अट आहे का?

१६ ते २४ वर्षे वयाच्या कोणालाही येता येते. गुणपत्रिका आम्ही मागत नाही आणि ‘वर्गप्रतिनिधी होतो का’ असेही विचारत नाही. महाविद्यालयात जाणाऱ्यांइतक्याच जागा यंत्रमागावर, दुकानात किंवा शेतात काम करणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात. अर्जात एकच प्रश्न सविस्तर विचारलेला आहे : तुमच्या गल्लीत, वाडीत किंवा वसाहतीत कोणती अडचण आहे आणि ती तुम्हाला कोणी सांगितली? या प्रश्नाच्या दुसऱ्या भागावर आमचा भर अधिक असतो. बार्शी, करमाळा, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट अशा सर्व अकरा तालुक्यांतून मुले यावीत, यासाठी शहरातील अर्जांवर मर्यादा ठेवली आहे; त्याबद्दल शहरातील पालक नाराज होतात, परंतु हा नियम बदलण्याचा आमचा विचार नाही.

मला चारचौघांत बोलायची भीती वाटते. मी येऊ का?

अवश्य या. भीती वाटणारी मुले इतिवृत्त फार चांगले लिहितात, असा आमचा अनुभव आहे, कारण ती ऐकतात. सभेत कोण हजर होते, कोणता विषय निघाला, काय ठरले, ते कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे स्वच्छ अक्षरात लिहिणारा माणूस ज्या संस्थेत असतो, तिथले भांडण निम्मे कमी होते. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाला तीन मिनिटे बोलावे लागते. तेव्हा स्वतःच्या वहीत लिहिलेले वाचून दाखवले तरी चालते.

आमच्या घरी तेलुगू बोलतात. कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्यांनाही अडचण येईल का?

सोलापुरात हा प्रश्न अडचण म्हणून विचारला जातो, याचेच थोडे वाईट वाटते. सत्रे मराठीत चालतात, परंतु गटांत ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत बोलावे, शेजारी बसलेला अर्थ सांगेल. सेवाकार्याला जाताना तर या भाषा येणारी मुले आमचा मुख्य आधार असतात, कारण शहराच्या पूर्व भागातील एखाद्या आजींना अर्जातील मजकूर तेलुगूत समजावला, तर त्या सही करण्यापूर्वी दोन प्रश्न विचारतात, आणि मराठीत सांगितला तर नुसती मान डोलावतात.

याच शहरात १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. त्यांनी तेथील भाषा शिकून घेतली, कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाची जबाबदारी सांभाळली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्याविषयी बोलताना त्याग हा शब्द लगेच येतो. आम्ही मुलांचे लक्ष वेधतो ते त्यांनी रुग्णाची भाषा शिकण्यासाठी घेतलेल्या कष्टांकडे.

सेवाकार्य म्हणजे नेमके काय करायचे असते?

दुसऱ्या दिवशी सकाळी सात ते एक या वेळेत प्रत्येक गट ठरलेल्या ठिकाणी काम करतो. मात्र त्याआधी, पहिल्या दिवशी दुपारी, त्याच ठिकाणी रिकाम्या हाताने जाऊन तेथील लोकांशी बोलायचे असते. ही पायरी आम्ही चुकून शिकलो. सुरुवातीच्या काळात आमचा एक गट झाडू आणि घमेली घेऊन एका वस्तीत गेला. मुलांनी तीन तास राबून रस्ता लख्ख केला, छायाचित्रे काढली, आणि निघताना एक बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘रस्ता आम्ही रोजच झाडतो की, बाळांनो. नळाला पाणी कधी येणार ते कुणी सांगत नाही, तेवढं विचारून द्या.’’ त्या दिवशी मुलांपेक्षा आम्ही संयोजकच अधिक खजील झालो. त्यानंतर ‘आधी विचारा’ हा नियम आला.

विचारले असता लोक जी कामे सांगतात, ती फार वेगळी असतात. विडी वळणाऱ्या महिलांना आपल्या कागदपत्रांतील नावांचा मेळ घालून हवा असतो, कारण एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे आणि तिसऱ्यावर चुकीचे अक्षर असते. असंघटित कामगारांना ई-श्रम नोंदणीची माहिती हवी असते. १६ ते ५९ या वयोगटाला ही नोंदणी करता येते, हे अनेक घरांना आम्ही गेल्यावर कळते. ज्येष्ठांना शासकीय रुग्णालयात केसपेपर काढण्यापासून योग्य खिडकीपर्यंत कोणीतरी सोबत हवे असते. पाण्याच्या वेळेसारखी तक्रार असेल, तर मुले संबंधित कार्यालयाच्या नावे अर्ज लिहितात, पोच घेतात आणि ती पोच वस्तीतच ठेवायला देतात. उत्तर आले नाही, तर पुढची पायरी म्हणून माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा करायचा, तेही शिकवले जाते : २००५ च्या कायद्यानुसार शुल्क दहा रुपये आणि उत्तराची सर्वसाधारण मुदत तीस दिवस. हा अर्ज वस्तीतील माणसानेच स्वतःच्या नावाने करावा आणि मुलांनी फक्त मदत करावी, असा आमचा आग्रह असतो, कारण मुले तीन दिवसांनी निघून जातात.

वृक्षारोपण का ठेवत नाही? सगळीकडे असते.

सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतांश जून ते ऑक्टोबर या काळात, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर असतो. जानेवारीत लावलेले रोप रोज पाणी घालणारे कोणी नसेल, तर उन्हाळा पाहत नाही. म्हणून रोपे लावण्याऐवजी आम्ही गेल्या पावसाळ्यात इतरांनी लावलेली रोपे शोधतो, त्यांना आळी करतो, पालापाचोळ्याचे आच्छादन घालतो आणि जवळच्या घरांशी पाण्याची पाळी ठरवतो. जुन्या खड्ड्यात नवे रोप लावून काढलेले छायाचित्र अधिक देखणे दिसते, हे मान्य आहे.

रक्तदान शिबिर आहे का? वय १७ असेल तर?

तिसऱ्या दिवशी मान्यताप्राप्त रक्तपेढीच्या सहकार्याने रक्तदान असते. त्यासाठी वय किमान १८ वर्षे, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम असणे आवश्यक असते. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांनी तीन आणि महिलांनी चार महिन्यांचे अंतर ठेवावे लागते. १८ पेक्षा लहान मुलांना पालकांची संमती असली तरी रक्तदान करता येणार नाही. त्यांनी नोंदणी आणि अल्पोपाहाराची जबाबदारी घ्यावी. वजन किंवा हिमोग्लोबिन कमी भरल्याने परत फिरावे लागलेल्या मुलींना ओशाळे वाटू नये, याची काळजी घेणे हे गटप्रमुखाचे काम आहे.

महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहेच. मग ही परिषद कशासाठी?

राष्ट्रीय सेवा योजनेशी स्पर्धा करण्याचा प्रश्नच नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांपासून ती सुरू झाली आणि दोन वर्षांत २४० तासांचे काम व सात दिवसांचे विशेष शिबिर ही तिची घडी चांगली बसलेली आहे. आमच्याकडे येणारी अनेक मुले तिचीच स्वयंसेवक असतात. फरक इतकाच, की जी मुले महाविद्यालयाच्या फाटकाच्या आत नाहीत, त्यांना त्या योजनेत सहज स्थान मिळत नाही, आणि येथे दोन्ही प्रकारची मुले एकाच गटात बसतात. यंत्रमागावर पाळी करणारा मुलगा आणि अभियांत्रिकीची विद्यार्थिनी जेव्हा एकाच जमाखर्चावर वाद घालतात, तेव्हा दोघांनाही काही नवे कळते. येथील तास तुमच्या २४० तासांत धरले जातील की नाही, हे तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी विचारून घ्यावे.

प्रमाणपत्र मिळते का?

मिळते, पण शेवटच्या दिवशी नाही. परतल्यावर तीन महिन्यांच्या आत आपल्या गावात किंवा गल्लीत एक लहान काम करून त्याचा दोन पानी अहवाल पाठवणाऱ्यांनाच ते दिले जाते. काम फसले असेल आणि ते का फसले हे प्रामाणिकपणे लिहिले असेल, तरी प्रमाणपत्र मिळते. ग्रामीण भागातील मुलांना आम्ही एक सोपा पर्याय सुचवतो : पुढच्या ग्रामसभेला जा, हजेरी मोजा, गणपूर्ती झाली का पाहा आणि एक प्रश्न विचारा. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती गणपूर्तीसाठी लागते, हे गावातील अनेक जाणत्यांनाही ठाऊक नसते.

मुलीला तीन दिवस मुक्कामी पाठवायचे आहे. सुरक्षेची व्यवस्था काय?

हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांचे आम्ही मनापासून स्वागत करतो. मुलींचा निवास स्वतंत्र इमारतीत असतो, तेथे रात्री दोन महिला संयोजक राहतात आणि पुरुष संयोजकांना प्रवेश नसतो. १८ वर्षांखालील प्रत्येकासाठी पालकांची लेखी संमती लागते. सेवाकार्याला कोणतेही मूल एकटे जात नाही आणि कोणताही संयोजक एका मुलाला किंवा मुलीला बंद खोलीत एकटे भेटत नाही. तक्रार आमच्याकडेच करावी असे बंधन नाही. १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) आणि ११२ (आपत्कालीन मदत) हे दोन्ही क्रमांक प्रत्येक खोलीच्या दाराआड चिकटवलेले असतात. आपण कधीही, न कळवता, येऊन व्यवस्था पाहू शकता. फक्त सत्र चालू असताना मुलीला खुणा करून बाहेर बोलावू नये, एवढी विनंती आहे, कारण दरवर्षी दोन-तीन बाबा ते करतातच.

शुल्क किती? ते परवडत नसेल तर?

शुल्क तीन दिवसांच्या जेवणखर्चाइतके ठेवलेले असते आणि नेमका आकडा नोंदणीच्या अर्जावर छापलेला असतो. ज्यांना ते देणे शक्य नाही, त्यांनी अर्जातील चौकोनात खूण करावी. कारण विचारले जात नाही आणि गटात ते कोणालाही सांगितले जात नाही. जमा झालेला आणि खर्च झालेला प्रत्येक रुपया तिसऱ्या दिवशी फळ्यावर मांडला जातो आणि मुले तो तपासतात. मागे एकदा दुधाच्या बिलातील बेरजेची चूक अकरावीतल्या मुलीने काढली, आणि ती चूक आमची होती.

जेवण कसे असते?

साधे आणि शाकाहारी : ज्वारीची भाकरी, पालेभाजी किंवा आमटी, भात आणि शेंगा चटणी. जानेवारीत हुरड्याचे दिवस असल्याने एका संध्याकाळी हुरडाही असतो. ताटात घेतलेले टाकायचे नाही आणि पाणी जपून वापरायचे, हे दोन नियम कडक आहेत.

मोबाइल जवळ ठेवता येतो का? छायाचित्रे काढता येतात का?

सत्रांच्या आणि सेवाकार्याच्या वेळी मोबाइल गटाच्या पेटीत राहतो. दुपारी आणि रात्री एक-एक तास मिळतो. सेवाकार्यातील लोकांची छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. ज्या आजींचा अर्ज आपण लिहून दिला, त्यांचा चेहरा आपल्या स्टेटसवर कशासाठी हवा, याचे समाधानकारक उत्तर आजवर कोणी दिलेले नाही.

परिषदेमागे एखादा राजकीय पक्ष किंवा धार्मिक संघटना आहे का?

नाही. पक्षांचे पदाधिकारी पाहुणे म्हणून बोलावले जात नाहीत आणि फलकावर कोणाचेही छायाचित्र नसते. राजकारणावर बोलू नये, असा मात्र याचा अर्थ नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, त्याआधी महाराष्ट्रभर फिरून लोकमत तयार केले, आणि मंदिराचे दार उघडले. ती सेवा होती की राजकारण, यावर आमच्याकडे दरवर्षी रात्री उशिरापर्यंत वाद चालतो आणि तो आम्ही मिटवत नाही.

माझे वय जास्त आहे. मला मदत करता येईल का?

गटासोबत राहणारे मार्गदर्शक हवेच असतात. अट एक आहे : पहिला दिवसभर काहीही सुचवायचे नाही, फक्त पाहायचे. शिक्षकी पेशातील मंडळींना हे सर्वांत जड जाते.

शेवटच्या दिवशी किती वाजता निघता येईल?

१२ तारखेला दुपारी दोननंतर. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वर महाराजांची गड्डा यात्रा असल्याने त्या दिवसांत शहरात गर्दी वाढते, म्हणून बाहेरगावच्या मुलांनी परतीचे आरक्षण आधीच करावे. ज्यांच्या घरी नंदीध्वजाचा, म्हणजे यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या उंच काठीचा, मान आहे किंवा जी मुले तो पेलण्याच्या सरावाला जातात, त्यांना आदल्या संध्याकाळी दोन तासांची सुटी मिळते. तसे अर्जात लिहावे. निघण्यापूर्वी सतरंज्या झाडून, मोजून, घडी घालून कोठीत परत द्यायच्या असतात, आणि ती मोजणी जुळल्यावर त्या दिवशीचा गटप्रमुख सर्वांत शेवटी बाहेर पडून किल्ली सुपूर्द करतो.